नऊ तारीख

जोडवी निघत नाहीत. रात्रभर उशीवर पाय ठेवून झोपली तरी सकाळी बोटांवरची सूज तशीच आहे आणि चांदीचे वेढे कातडीत रुतून बसलेत. मोरीच्या कट्ट्यावर तिला बसवून मी बोटांना साबणाचा फेस लावतो आणि वेढा फिरवत फिरवत हळूहळू ओढतो. ती ओठ घट्ट मिटून माझा खांदा धरून बसली आहे. आई दारात उभी राहून बघतेय. सवाष्णीनं जोडवी काढणं तिला पसंत नाही. पण बोटावर उठलेला निळसर वळ बघून तीच म्हणते, "साबणानं नाही यायचं ते. खोबरेल लाव." खोबरेलानं डाव्या पायाचं निघतं, मग उजव्याचं. आई दोन्ही जोडवी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते आणि सुनेला सांगते, "बारशाच्या दिवशी घाल आता."

आज जानेवारीची ९ तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचा हा शिरस्ता. चौथा महिना लागलेल्या बायकांना या दिवशी डॉक्टर स्वतः तपासतात, रक्त-लघवीच्या चाचण्या होतात, आणि या सगळ्याला पैसे पडत नाहीत. गावातल्या बायका मात्र योजनेचं नाव घेत नाहीत. "नऊ तारखेला जायचंय" एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं.

हिचा नववा लागलाय. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ मे. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १२ फेब्रुवारी येते. आशाताईंनी ती तारीख पहिल्याच भेटीत बोटांवर मोजून सांगितली होती, नंतर सोनोग्राफीतही जवळपास तीच आली. पस्तीस आठवडे पूर्ण झालेत, छत्तिसावा चालू आहे.

भवानीनगरच्या स्टॉपवर एसटीची वाट बघताना कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येतोय. गाळप जोरात आहे. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातायत, एकेकाच्या मागे दोन दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या बाजूनं चाललेल्या बैलगाड्यांवर माणूस दिसू नये इतका ऊस रचलेला. मोटरसायकलवर तिला नेणं मी सातव्या महिन्यापासूनच बंद केलंय. एसटी येते. कंडक्टर तिच्याकडे एकदा बघतात आणि ड्रायव्हरमागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांना उठवतात. "ताई, इथं टेका. मागं दणके बसतात." तिचं तिकीट अर्धं, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. महिन्यातून दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या की या निम्म्या तिकिटाचं मोल घरात कळतं.

काटेवाडी यायच्या आत फोन वाजतो. सासूबाई. त्या करमाळ्याच्या बाजूला, उजनीच्या पलीकडे राहतात.

"पाव्हणं, झालं का ठरवून? अजून आठ-पंधरा दिवस हायेत. घेऊन या की लेकीला."

"आई, आज डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मग फोन करतो."

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय. लोकं मला नावं ठेवत्याल."

त्यांचं काही चुकत नाही. पहिलटकरीण माहेरी जाते, आईच्या हातचं खाते, सव्वा महिना शेक-शेगडी घेते, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्यात लेकीच्या जिवाला मिळणारा विसावा खरा आहे. सासरी नववा महिना भरला तरी पहाटे उठून चूल पेटवावी लागायची, त्या काळात माहेरानं किती जणींना वाचवलं असेल! पण या प्रथेला एक बाजू आहे जी आम्हा दोघांना या वेळी नीट दिसली. ओटीभरण झालं की बाई जाते आणि तिच्याबरोबर तिचं कार्ड जातं. पण इकडच्या नर्सबाईंनी सहा महिने जे बघितलं, लक्षात ठेवलं, ते इथंच राहतं. तिकडं नवा दवाखाना, नवी नोंद, नवे डॉक्टर. ज्या आठवड्यांत रक्तदाब चढतो, सूज येते, बाळ आडवं की सरळ ते ठरतं, नेमक्या त्याच आठवड्यांत तिला ओळखणारं कुणी तपासत नाही. नवरा तर चित्रातून बाहेरच पडतो. त्याला थेट बाळ झाल्याचा फोन येतो.

म्हणून आम्ही ठरवलंय की बाळंतपण इथं, बारामतीत, आणि सासूबाईंनी इकडं येऊन सव्वा महिना राहायचं. हिनं आईला हे तीनदा सांगितलंय. चौथ्यांदा मी सांगायचं, असं ठरलंय.

बारामतीत आता सोयी आहेत. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय जुनं. त्याच्या जोडीला बायकांचं वेगळं सरकारी रुग्णालय झालं आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथं सुरू आहे. इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनाही अडचण आली तर इकडंच धाडतात. आमच्या आईच्या वेळी अवघड बाई पुण्याला न्यावी लागायची आणि दौंड यायच्या आतच घरच्यांचा धीर सुटायचा, असं ती सांगते.

दवाखान्याचा व्हरांडा भरलाय. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग, वजनकाट्यापाशी दुसरी, रक्त घेतात तिथं तिसरी. बाकांवर जागा नाही म्हणून काहीजणी भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्यात. हिरव्या बांगड्यांचे भरलेले हात, स्वेटरवर गुंडाळलेला पदर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड. बहुतेकींच्या सोबत सासू आहे, काहींच्या आशाताई. नवरे बाहेर आहेत. मोटरसायकली लावल्यात तिथं, झाडाखाली, सीटवर आडवे बसून मोबाईल बघतायत. एकेकाला इथवर यायला कामावर खाडा करावा लागलाय, तरी आलेत. काळजी त्यांनाही आहे. पण दाराच्या आत पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना आणि आतल्यांनाही अवघडल्यासारखं होतं, आणि मग आत काय सांगितलं ते बायकोनं बाहेर येऊन सांगायचं. ती काय सांगणार? "बरं आहे म्हणाल्या." इतकंच.

सिस्टर हिच्या दंडाला पट्टा बांधतात, फुगवतात, आकडा बघतात आणि पुन्हा बघतात. १३८/८८. कार्डावर मागच्या ओळी आहेत: ११०/७०, ११०/७२, ११८/७६. सिस्टर त्या ओळींवरून बोट वर नेतात, खाली आणतात.

"एसटीनं आलात? जिना चढून? जरा डाव्या कुशीवर पडा. परत बघू."

हा जो क्षण आहे, सिस्टरांचं बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकण्याचा, तो मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. १३८/८८ हा आकडा एकटा पाहिला तर हद्दीच्या आत आहे. १४०/९० ला पोचला की धोका धरतात. तो चढलाय हे कळतं ते आधीच्या ओळींमुळे. ही दुसऱ्या गावी गेली असती आणि नव्या, कोऱ्या कार्डावर नोंद झाली असती तर तिथल्या सिस्टरनं हाच आकडा लिहून पुढच्या बाईला हाक मारली असती, आणि त्यात तिचा दोष नसता.

ती पडून राहते. मी शेजारी उभा. खिडकीच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांचा फलक आहे: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा महाराष्ट्रानं देशाच्या आधी, १९८८ मध्ये केला. देशाचा १९९४ मध्ये आला. फलकाखाली बसलेल्या दोन सासवा मात्र हिच्या पोटाकडे बघून आपापसात ठरवतायत. पोट पुढं आहे, चेहरा उजळलाय, म्हणजे अमुक. आमच्याकडेही ओटीभरणाला दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. हिनं बर्फीची वाटी उघडली तेव्हा बायका हसल्या, पण एका चुलतीचा चेहरा किंचित उतरला तो मी बघितला. आई पटकन म्हणाली, "लक्ष्मी येऊ दे की, काय कमी हाय आपल्याला?" आणि बर्फी तिनं स्वतः सुनेला भरवली.

पंधरा मिनिटांनी १३०/८४. लघवीत प्रथिनं नाहीत. सिस्टर ते लिहितात आणि पुढच्या दाराकडे खूण करतात. मी उंबऱ्याशी थांबतो.

"मिस्टर आलेत ना? या, आत या," डॉक्टर मॅडम म्हणतात. "तुम्हालाच सांगायचंय."

मॅडमचे हात आधी एकमेकांवर चोळले जातात, थंडीचे दिवस आहेत म्हणून. मग ते पोटावर येतात. वरच्या टोकाला दोन्ही तळवे, मग दोन्ही बाजूंना, मग खाली ओटीपोटाशी. कुठं दाबतायत असं वाटत नाही, चाचपतायत. "डोकं खाली आहे. ही पाठ, डाव्या बाजूला. हे इकडं हातपाय, म्हणून लाथा इकडे लागतात. हो ना?" ती मान हलवते. मॅडम माझा हात धरून त्या पाठीच्या कडेवर ठेवतात. लांब, सलग, घट्ट असं काहीतरी तळव्याखाली आहे. इतके महिने मी त्याच पोटावर हात ठेवतोय आणि मला फक्त पोट लागायचं.

टेप लावून मोजतात: ३४ सेंटिमीटर. या दिवसांत आठवडे जितके, साधारण तितके सेंटिमीटर पोट वाढलेलं असतं, एक-दोन इकडंतिकडं चालतं. मग डॉपलरचं छोटं यंत्र पाठीच्या बाजूला टेकवतात. आधी नुसती खरखर, मग सापडतो तो आवाज. लांबच्या वस्तीवर कडबाकुट्टीचं यंत्र चालू असावं तसा, न थांबता, एका लयीत. पडद्यावर १४४. मॅडम म्हणतात, ११० ते १६० मध्ये असलं की छान. ही माझ्याकडे बघत नाही, छताकडे बघतेय आणि तिच्या कानशिलावरून पाणी उशीवर उतरतंय.

"रक्त किती आलंय?" मॅडम कागद उलटतात. "१०.४. अरे वा! सातव्यात ८.२ होतं."

त्या दोन आकड्यांच्या मधे बरंच काही आहे. लोहाच्या गोळ्या ही नेमानं घ्यायची, पण सकाळच्या चहाबरोबर, आणि कॅल्शियमची पांढरी गोळी त्याच घोटाला. आशाताईंनी एकदा घरी येऊन डबी बघितली, वेळ विचारली आणि सगळं लक्षात आलं. चहानं लोह अंगी लागत नाही, आणि कॅल्शियमच्या जोडीनं घेतलं तरी नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. मग लोहाची गोळी रात्री जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कॅल्शियम सकाळी आणि दुपारी. शिवाय लोहाची सलाईन लावली. बाजरीची भाकरी, मेथी, गूळ-शेंगदाणे हे आमच्याकडे होतंच. अडलं होतं ते चहापाशी. गोळ्या वाटल्या जातात, मोजून १८० दिल्या जातात, पण त्या कशाबरोबर गिळल्या जातात हे बघायला कुणीतरी स्वयंपाकघरापर्यंत यावं लागतं. आशाताई आल्या. आमच्या घरापुरतं सांगायचं तर हे रक्त त्यांनी वाढवलंय.

मॅडम आता माझ्याकडे वळून एकेक गोष्ट सांगतात आणि प्रत्येक वेळी थांबतात. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली पोटात दुखलं, तोंडावर सूज आली, तर सकाळची वाट बघायची नाही. अंगावरून पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तरी नाही. बाळ कमी हललं असं तिला वाटलं, तरी नाही. "तिला वाटलं, एवढं पुरे. तुम्हाला पटायची गरज नाही." रक्तदाब दर दोन दिवसांनी उपकेंद्रात मोजायचा. आठवड्यानं पुन्हा इथं. मीठ-मिरची, लोणची-पापड बेतानं. जोडवी काढलीत ते चांगलं केलंत, असंही म्हणतात.

बाहेर येऊन आम्ही बाकावर टेकतो. शेजारी एक जोडपं आहे. तिचं पोट हिच्याइतकंच, पण मनगटं काटकुळी, आणि तळहातांवर उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे. मांडीवर तीनेक वर्षांची पोर. तो उकिडवा बसलाय, बाकावर जागा असून.

"कुठलं गाव?" ही विचारते.

"बीडकडचं. इथं हावोत, फडात. दसरा झाला तवाच आलो."

आमच्या वाडीच्या पलीकडे ऊसतोड टोळीच्या ज्या कोप्या पडल्यात त्यांतलंच हे जोडपं. आशाताई काल कोप्यांवर फिरल्या, या बाईला बघितलं आणि आज पहाटे घेऊन आल्या. तिच्या हातात कार्ड आहे. ही ते मागून घेते, बघते आणि मला दाखवते. वजन, रक्तदाब, इंजेक्शन, सगळ्या नोंदी पाचव्या महिन्यापर्यंत व्यवस्थित आहेत. त्यापुढची पानं कोरी.

"काम करता अजून?"

"मोळ्या बांधती. उचलायला ह्ये हायेत," ती नवऱ्याकडे बघून म्हणते. मग हळूच, "गाडी भरताना मानूस कमी पडलं तर उचलती. मग इथं वढ लागती." हात पोटाखाली.

तो जमिनीकडे बघत बोलतो. "दोघांचा मिळून एक कोयता. ही बसली की अर्धा कोयता. उचल घेतलेली हाय, ती फेडायची. आजचा बी खाडाच."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. एक दिवस काम बुडवलं की खाडा, आणि त्याचे पैसे मुकादम कापतो. सुट्टी नावाची गोष्ट या हिशेबात नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं उघड झालं आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. त्या वेळी बायकांनी जी कारणं सांगितली त्यांत हे होतं: पाळीचे दिवस, अंगावर जाणं, त्यापायी पडणारे खाडे. ज्या हिशेबात पाळीला जागा नाही त्यात नववा महिना कुठं बसवणार?

त्या बाईला आत बोलावतात. पोर आमच्याकडे ठेवून जाते. ही डबा उघडून तिला तिळाची पोळी देते. पोर ती दोन्ही हातांनी धरून कडेपासून खात सुटते.

थोड्या वेळानं सिस्टर दारात येतात. "हिचे मिस्टर कुठायत?" तो उठतो. उघड्या दारातून मला मॅडमचं बोलणं ऐकू येतं. रक्त ७.२ आहे. दिवस भरत आलेत. घरी सोडता येणार नाही. आजच दाखल करायचं, लोहाची सलाईन, लागलं तर रक्तही. कार्डावर त्या लाल चिकटपट्टी लावतात. लाल म्हणजे जोखमीची. तो विचारतो, "पैसं?" मॅडम सांगतात, नाही. बाळंतपण, ऑपरेशन करावं लागलं तर ते, औषधं, रक्त, दोन वेळचं जेवण, घरी सोडायची गाडी, यातल्या कशाचेच नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून हेच देतो. त्याला ते दोनदा सांगावं लागतं.

तो बाहेर येऊन फोन लावतो. पलीकडचं ऐकू येत नाही. हा फक्त "व्हय, व्हय, पर बाईचं रगत कमी हाय" असं म्हणत राहतो. फोन ठेवतो. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो, परत येतो. आतून बायको सांगते, "तुमी जावा. पोरीला घ्या अन् जावा. मी ऱ्हाईन." तो काही बोलत नाही. सिस्टर कागद पुढं करतात. तो खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, एकेक अक्षर लावत सही करतो. मग म्हणतो, "आजच्याला ऱ्हातो. उद्याचं उद्या."

आशाताईंच्या डोळ्यांत दमणूक आहे. पहाटे पाचला उठून कोपीवर गेलेल्या. "याच टोळीत अजून एक आहे," त्या मला सांगतात, "सातवा महिना. तिचा नवरा तयार नाही. संध्याकाळी परत जाते." आशांना नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. तो वेळेवर आणि पुरेसा मिळावा म्हणून त्यांना संप करावे लागतात, हे पेपरात येतं तेवढंच आपण वाचतो. एवढ्या कामाला एवढा कमी पैसा देणं अन्यायाचं आहे, आणि ते बोलून दाखवलं पाहिजे.

दुपारी आम्ही बाजारात उतरतो. हिला भूक लागलीय आणि संक्रांत पाच दिवसांवर आहे. रस्त्याच्या कडेला सुगडं मांडलीत, काळी आणि लाल, रांगेनं. बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, उसाची कांडकी, ओंब्या. ही बोरं चाखून घेते, आंबट निघालं की चेहरा उजळतो. पाच सुगडं घेते, एकेक वाजवून. विकणारी आजी तिच्याकडे बघून दराची घासाघीस मधेच सोडते. "घे बाई तुझ्या मनानं. पुढल्या संक्रांतीला बोरन्हाण करशील तवा माझ्याकडनंच घे." दुकानांत हलव्याचे दागिने टांगलेत, तान्ह्या बाळांच्या मापाचेही. ही एक छोटासा मुकुट हातात घेते, उलटसुलट बघते आणि परत ठेवते. आधी काही घ्यायचं नाही, असं आमच्याकडे मानतात.

घरी परतल्यावर ती डाव्या कुशीवर आडवी होते. उशाशी एक रिकामी वाटी आणि एक हरभऱ्यांची. बाळ हललं की एक हरभरा या वाटीतून त्या वाटीत. जेवणानंतर दोन तासांत दहा झाले पाहिजेत, मॅडमनी सांगितलंय. बहुतेक वेळा अर्ध्या तासातच होतात. आईलाही हा खेळ आवडलाय. ती भांडी घासता घासता विचारते, "किती झालं गं?" आणि आतून उत्तर जातं, "सात, आत्या."

पिशवी भरून खुंटीला अडकवलीय. कार्ड, आधार, बँकेचं पासबुक. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांचा दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि लसींनंतर खात्यावर यायचाय. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी, उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेली. दाराच्या मागे खडूनं मी आकडे लिहिलेत: १०२, १०८, आशाताई, आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्या दोन शेजाऱ्यांचे. रात्री कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, म्हणून कालव्याच्या कडेचा रस्ता मी दिवसा जाऊन बघून आलोय.

सासूबाईंना फोन लावतो. रक्तदाबाचे आकडे सांगतो, मागचेही आणि आजचेही. त्या बराच वेळ ऐकतात. मग विचारतात, "मग मी कवा येऊ?"

"महिनाअखेरीस या. तुमच्या हातचे डिंकाचे लाडू घेऊन."

"व्हय," त्या म्हणतात, आणि हिला फोन द्यायला सांगतात.

आमचा अर्धा एकर ऊस पुढच्या आठवड्यात तुटायचाय. टोळी तीच. मुकादमाला मी सांगून ठेवलंय की त्या दोघांचे दवाखान्यातले दिवस खाड्यात धरायचे नाहीत. आमच्या फडापुरतं काय भरायचं ते आम्ही भरू. तो बघू म्हणालाय. सातव्या महिन्यातल्या त्या दुसऱ्या बाईकडे आज संध्याकाळी आशाताईंबरोबर आई जाणार आहे, कारण बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं असं तिचं म्हणणं.

बारामती-इंदापूरकडच्या बागायतदारांना माझं एवढं सांगणं आहे. तुमच्या फडात टोळी उतरली की गाड्या कधी येणार हे विचारता, तेव्हाच टोळीत कुणी पोटुशी आहे का तेही विचारा. असेल तर त्याच दिवशी गावच्या आशाताईंना फोन करा. तपासणी फुकट आहे, तिचं गाव कुठलंही असो. पुढची तारीख ९ फेब्रुवारी.